मूठभर

डिसेंबर 2015 मध्ये चेंबरंबाक्कमचे पाणी अड्यार नदीतून चेन्नईत घुसले. 2019 च्या उन्हाळ्यात तोच जलाशय जवळजवळ कोरडा पडला. दोन्ही वेळी लोकांनी सढळ हाताने दिले. पण गाळ उपसलेल्या तळ्यात जलपर्णी परत येते, बांध खचतो. तिथे उमाळा पुरत नाही, नेम लागतो. म्हणून आमच्या वस्तीतल्या तळ्यासाठी आम्ही काही घरे दरमहा शंभर रुपये देतो.

पैसे खात्यातून आपोआप वळते होतात. गेलेले कळतही नाहीत. याला देणे म्हणायचे का?

कर्मवीर भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी बायका मूठभर धान्य बाजूला काढत. इकडे तमिळनाडूत कांचीच्या चंद्रशेखरेंद्र सरस्वतींनी घरोघर तेच मागितले: ‘पिडि अरिसि’, मूठभर तांदूळ. त्या मुठीत रोजची आठवण होती.

तळ्याला मात्र माझ्या आठवणीचे काय? राखणदाराचा पगार एक तारखेला झाला की झाले. मला खुपते ते निराळेच. मूठ देणाऱ्या बाईला वसतिगृहातली पोरे दिसत, हिशेब विचारता येई. आमच्या तळ्याच्या हिशेबाला चौघेच जमतात, त्यातले दोघे चहापुरते.