साक्ष खरी असावी

नांदेड-लातूरकडच्या एखाद्या घरातला तरुण एकाएकी रात्र-रात्र जागू लागतो. त्याच्या बोलण्याला खंड नसतो. शेत विकून कारखाना काढण्याची भाषा तो करतो. काही महिन्यांनी तोच भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. उन्माद आणि विषाद यांच्या या फेऱ्याला डॉक्टर बायपोलर विकार म्हणतात. घरचे लोक नवस बोलतात, अंगारा लावतात, आपल्यांपैकी काही नोव्हेना करतात. पुढे तो सावरतो, आणि शेवटी जे केले त्याला श्रेय मिळते.

पण गोदावरीचा पूर ओसरताना घाटावर उभ्या असलेल्याने 'पाणी मी उतरवले' म्हणावे काय? हा आजार पुरासारखाच आपोआप ओसरतो आणि पुन्हा येतो. म्हणून कृतज्ञ मनाची साक्ष, कितीही प्रामाणिक असली, तरी पुरावा ठरत नाही.

डेन्मार्कचे डॉ. मोगेन्स स्काऊ व त्यांचे सहकारी यांनी ही अडचण ओळखली. लिथियम घेऊन बऱ्या असलेल्या ८४ रुग्णांपैकी काहींना त्यांनी तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. कोणाची गोळी कोणती, हे रुग्णाला वा तपासणाऱ्याला ठाऊक नव्हते. निष्कर्ष १९७० साली प्रसिद्ध झाले. औषधाविना राहिलेल्या ३९ जणांपैकी २१ पुन्हा आजारी पडले. लिथियम घेणाऱ्या ४५ पैकी एकही नाही. ही साक्ष त्या २१ जणांनी स्वतः दुःख सोसून दिली आहे. 'आता बरे वाटते' म्हणून गोळी परस्पर बंद करणे, म्हणजे तोच प्रयोग आपल्या लेकरावर पुन्हा करणे होय.

खरी साक्ष औषधाचे दोषही लपवीत नाही. लिथियमची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते. रक्त, मूत्रपिंड व थायरॉईड यांची तपासणी वेळोवेळी करावीच लागते. शरीरातले पाणी घटले, की रक्तातले लिथियम वाढते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे उन्हाळ्यात अशा रुग्णाच्या उशाशी भरलेला तांब्या ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

मग प्रार्थनेचे काय? ती अवश्य करावी. रुग्णाजवळ बसण्याचे बळ तीच देते. मात्र तिच्या नावाने औषध थांबवू नये. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा न्यायालयापुरती नाही. शेजारीण विचारील, "तुमचा मुलगा कशाने बरा झाला हो?" तेव्हा तिच्याही घरी कोणी भिंतीकडे तोंड करून पडलेले असेल, हे ध्यानात ठेवून उत्तर द्यावे.