न गाळलेले शब्द

निपाणीला आजीच्या घरी नळाला कायम पांढरं फडकं बांधलेलं असायचं. पाणी गाळल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. आम्ही पोरी भांडायला लागलो की आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "पोरींनो, पाणी गाळून पिणारी माणसं आपण. तोंडालाही गाळणं लावा की जरा!" आम्ही हसायचो. त्या बोलण्याचा अर्थ कळायला मला इंग्लंडातल्या लेस्टरला जावं लागलं.

तिथल्या एका सरकारी शाळेत मी काही वर्षं गणित शिकवलं. नववीचा वर्ग, मुलं तेरा-चौदा वर्षांची. बेळगावात मी वर्गात पाऊल टाकलं की बाकं सरकायची, सगळी उठून उभी राहायची. इथं कुणी खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवतोय, कुणी बाकाखाली मोबाईल चाळतेय, आणि "मिस, मिस" करत एकाच वेळी चौघं बोलताहेत. छडी तर नाहीच. इंग्लंडच्या सरकारी शाळांत मारायला 1987 पासूनच बंदी आहे. आधी ताकीद, मग फळ्यावर नाव, मग शाळा सुटल्यावर थांबवून ठेवायचं, एवढंच हातात. मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट मनात थोडा अभिमानच होता, आपण अहिंसेत वाढलेल्या, आपल्याला छडी हवीच कशाला?

एक मुलगा मात्र रोज माझा अंत बघायचा. बाकावर ताल धरायचा, माझ्या इंग्रजीची हुबेहूब नक्कल करायचा. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी वर्ग हसला आणि माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुला घरी कुणी काही शिकवलंच नाही का?"

वर्ग एकदम चिडीचूप. मला वाटलं, जिंकले. तास संपल्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, "मिस, त्याला घर नाहीये." तो आईवडिलांजवळ राहत नव्हता. कौन्सिलनं त्याला दुसऱ्या कुटुंबात ठेवलं होतं आणि त्या वर्षातलं ते तिसरं कुटुंब होतं. कार्यालयातल्या फाईलमध्ये सगळं लिहिलेलं होतं. मी ती उघडलीच नव्हती.

त्या रात्री कांदा-लसूण नसलेलं पिठलं केलं आणि घास उतरेना. कांदा न चालणाऱ्या माझ्या जिभेला हे कसं चाललं?

दुसऱ्या दिवसापासून आठवड्याची सुट्टी होती. अशा सुट्ट्यांत पाठीला पिशवी लावून एकटीनं फिरायची मला सवय लागली होती. शेफिल्डपर्यंत रेल्वे, पुढं बस, आणि डोंगरातलं इयाम गाव. 1665 मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तिथं प्लेग आला. पुढच्या वर्षी धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांनी लोकांना समजावलं, आणि रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून गावानं स्वतःलाच कोंडून घेतलं. शिवेवरच्या दगडाला भोकं आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून लोक नाणी ठेवायचे आणि बाहेरचे तिथं धान्य ठेवून जायचे. सुमारे 260 माणसं गेली. एका बाईनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली.

त्या दगडाजवळ मी बराच वेळ बसले. आपल्यातलं विष आपल्याशीच थांबवायचं, दुसऱ्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही, याहून संयम वेगळा काय असतो? पण तिथंच आणखी एक गोष्ट कळली. मॉम्पेसन यांनी स्वतःची दोन्ही मुलं आधीच गावाबाहेर पाठवली होती. आधी मला राग आला. मग वाटलं, मी कुठे वेगळी? मुलांना रोज सांगते, जीभ आवरा. माझी कुठे आवरली?

सुट्टीनंतर पहिल्याच तासाला मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. अपमान वर्गादेखत केला होता, मग माफी कोपऱ्यात कशी मागायची? तो खांदे उडवून म्हणाला, "ओके, मिस." दहा मिनिटांत बाकावर ताल सुरू. मी ताकीद दिली, फळ्यावर नाव लिहिलं आणि शाळा सुटल्यावर थांबवलंही. सोबतची एक शिक्षिका म्हणाली, "माफी मागितलीस ना, आता डोक्यावर बसतील." बसले नाहीत. सुधारलेही नाहीत. पण माझं मला उमगलं, की शिक्षा देताना माणूस मोडायची गरज नसते. मी माफी मागितली म्हणून त्याची शिक्षा माफ झाली नाही, आणि त्याला शिक्षा दिली म्हणून माझी चूकही झाकली गेली नाही.

दशलक्षणाची सुरुवात उत्तम क्षमेनं होते, शेवट क्षमावाणीनं. आपण सगळ्यांना हात जोडतो, मोबाईलवरून शंभर जणींना निरोप धाडतो. त्यातल्या निम्म्याजणींशी आपलं वर्षभर बोलणंसुद्धा झालेलं नसतं. पण ज्यांना खरोखर टोचून बोललो त्यांचं काय? घरातला वयात आलेला मुलगा, सून, भांडी घासायला येणारी बाई. वयानं किंवा मानानं लहान म्हणून त्यांची क्षमा मागायची राहूनच जाते.

आजीचं फडकं आता माझ्याही नळाला आहे. ते बांधताना दर वेळी वाटतं, पाणी गाळायला दोन मिनिटं लागतात. त्या शुक्रवारी मी तेवढीही थांबले नव्हते.