खेळाचा नियम आणि गड्याचा मान

खेळाचे नियम हे खेळापुरतेच. त्यांत नीतीचा प्रश्न कोठून यावयाचा, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. पवनेच्या कांठचें पिंपळे सौदागर हें एके काळचें शेतकऱ्यांचें गांव. आज तेथें हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांत काम करणाऱ्या, नाना प्रांतांतून आलेल्या कुटुंबांच्या वसाहती उभ्या आहेत. अशा ठिकाणीं शेजाऱ्यांची ओळख वाडवडिलांपासून चालत आलेली नसते. ती करून घ्यावी लागते. सुटीच्या सायंकाळीं चारपांच जण मेजाभोंवतीं बसून 'रोल-प्लेइंग गेम' खेळूं लागले, तर ओळखीचा तो एक उत्तम मार्ग होय. या खेळांत प्रत्येक गडी एका कल्पित पात्राची भूमिका घेतो. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, 'तूं आतां काय करशील?' असें विचारतो; आणि जेथें यशापयशाचा संशय असेल तेथें फांसे निर्णय देतात. या खेळाच्या पद्धति अनेक आहेत. त्यांपैकीं आपल्या मंडळीनें कोणती पत्करावी?

'सर्वांत उत्तम असेल ती' हें उत्तर सोपें आहे. परंतु उत्तम कशासाठीं? खेळाचा नियम म्हणजे कोणत्या वर्तनाचें चीज व्हावें याविषयींचें एक मतच होय. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याच्या मूळ नियमांत राक्षस मारल्याबद्दल व द्रव्य मिळविल्याबद्दल अनुभवाचे गुण मिळत. अर्थात् खेळणारा लवकरच द्रव्याच्या शोधास लागे. १९८१ सालच्या 'कॉल ऑफ क्थुलू' या खेळांत, उलटपक्षीं, भयंकर गोष्टी पाहिल्या कीं पात्राचें मनःस्वास्थ्य ढळत जातें. तेथें तरवारीपेक्षां सावधपणा श्रेष्ठ. २००९ सालच्या 'फियास्को'त तर सूत्रधारच नाहीं. तीन ते पांच गडी मिळून एकाच बैठकींत फसलेल्या बेतांची कथा रचतात. तींच माणसें या तीन मेजांवर बसवा, तीं तीन प्रकारें वागतील. तेव्हां पद्धति निवडणें म्हणजे आपण एकमेकांशीं कसें वागणार हें ठरविणें होय.

याचा दाखला शोधावयास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. आपल्या हुतुतूचे तीन प्रकार जुन्या खेळाडूंस ठाऊक आहेत. 'गामिनी'त बाद झालेला गडी आपला सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. 'संजीवनी'त प्रतिपक्षाचा गडी बाद झाला कीं आपला एक गडी पुन्हां जिवंत होई. 'अमर'मध्यें बाद गडी मैदान सोडीतच नसे, प्रतिपक्षास केवळ गुण मिळे. आजच्या कबड्डीनें संजीवनीचें तत्त्व उचललें. मैदान तेंच, दम तोच. भेद एवढाच कीं, बाद झालेल्यास किती वेळ बाहेर बसवावयाचें. मेजावरच्या खेळांतही हाच प्रश्न उभा राहतो. ज्या पद्धतींत एखादें पात्र पहिल्या तासांतच मरूं शकतें, तींत त्या गड्यानें उरलेली सायंकाळ काय करावी हें आधीं ठरलेलें नसेल, तर ज्या शेजाऱ्याशीं स्नेह जोडावयाचा त्यालाच आपण परका करून घरीं पाठवितों.

यावर कोणी म्हणेल, बहुमत घ्यावें म्हणजे झालें. पण संमति दिसते तितकी सरळ नसते. सभापर्वांतील युधिष्ठिर पाहा. दुर्योधनाच्या वतीनें शकुनि फांसे टाकणार हें ऐकून, एकासाठीं दुसऱ्यानें खेळणें आपणांस अनुचित वाटतें, असें त्यानें बोलून दाखविलें. आणि तरीही तो खेळावयास बसला. आव्हान नाकारणें त्यास कमीपणाचें वाटलें. नियम वांकडा आहे हें कळूनही ज्याला 'नाहीं' म्हणवत नाहीं, त्याच्या होकारास संमति हें नांव देतां येत नाहीं. वसाहतींतल्या खेळांतही हेंच लहान प्रमाणांत घडतें. ज्यानें तीनशेंहून अधिक पानांचा इंग्रजी ग्रंथ वाचलेला असतो तो पद्धति सुचवितो. त्या ग्रंथास बिचकणारे निवृत्त गृहस्थ, किंवा नुकताच मंडळींत आलेला अकरावींतला मुलगा, मान डोलावितो, आणि तिसऱ्या बैठकीस येत नाहीं. सभ्य माणसें तक्रार करीत नाहींत. न येण्याचें निमित्त तेवढें सांगतात.

सूत्रधाराच्या आवडीसही मान हवा, हें आम्हांस मान्य आहे. सर्वांत अधिक श्रम त्याचेच असतात, आणि त्याला ज्यांत गोडी नाहीं असा खेळ दुसऱ्यांनीं त्याच्याकडून करवून घेणें हाही अन्यायच. परंतु श्रम अधिक म्हणून सर्वांच्या वतीनें ठरविण्याचा अधिकार कोणास प्राप्त होत नाहीं.

तेव्हां आमचें म्हणणें एवढेंच कीं, एखादी पद्धति कायमची पत्करण्यापूर्वीं एक सायंकाळ प्रयोगासाठीं ठेवावी. नियम सर्वांस कळतील अशा भाषेंत तोंडीं समजावून द्यावे. या खेळांत बक्षीस कशाला मिळतें, आणि हरलेल्याला बाहेर किती बसावें लागतें, या दोन गोष्टी आधीं उघड सांगाव्या. मत विचारतांना सर्वांत अबोल गड्यापासून आरंभ करावा, म्हणजे इतरांच्या होकाराचें ओझें त्याच्यावर पडणार नाहीं. तो 'नको' म्हणाला, तर दुसरा खेळ काढावा. उत्तम ग्रंथ कांहीं महिने कपाटांत राहिला तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं. दुरावलेला शेजारी मात्र पुन्हां मेजापाशीं आणणें फार कठीण जातें.