हात वाळेपर्यंत

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आईला घेऊन आराधनेला निघालो, तेव्हा पुतण्या म्हणाला, “काका, येशूने भाकर खायला सांगितली होती, बघत बसायला नाही.” वसईच्या संध्याकाळच्या गर्दीतून चर्चला पोचेपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

वेदीवरचं किरणांची प्रभावळ असलेलं सोनेरी पात्र, मधोमध काचेआड पांढरी ओस्ती, म्हणजे ख्रिस्तशरीर झालेली भाकर, धूप, गुडघे टेकलेली माणसं. कॅथलिक घरात वाढलेल्याला हे सांगायला नको. मी मनातच पुतण्याला उत्तर द्यायला लागलो. अरे, बघणं वेगळं आणि दर्शन घेणं वेगळं. पंढरपुरात तासन्‌तास रांगेत उभा राहणारा वारकरी मूर्ती कशी घडवलीय ते बघायला जात नाही. बघताना मी धनी असतो, दर्शनाला याचक.

पण इतिहास थोडा पुतण्याच्याही बाजूने आहे. मध्ययुगीन युरोपात लोक ख्रिस्तशरीर स्वीकारेनासे झाले होते. मिस्सात धर्मगुरू ओस्ती उंचावत, तेवढं पाहून ते भरून पावत. वर्षातून एकदा तरी स्वीकारा, असा नियम १२१५ च्या लॅटरन धर्मसभेला करावा लागला. त्याच शतकात, १२६४ साली, पोप चौथे अर्बन यांनी ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या चर्चला लावून दिला. रोज स्वीकारा, असं रोमने ठासून सांगितलं ते थेट १९०५ मध्ये, दहावे पायस पोप असताना. पुतण्याचा आक्षेप १५५१ साली ट्रेंटच्या धर्मसभेपुढेही होता. खाण्यासाठी दिलं म्हणून ते आराधनेला कमी योग्य ठरत नाही, असं तिने बजावलं. मला ते मान्य आहे. पण ते बचावाचं उत्तर आहे, त्याने पोट भरत नाही.

आईचा मोतीबिंदू पिकलाय. चौथ्या बाकावरून तिला ओस्ती दिसत नाही, मेणबत्त्यांचा पिवळा धूसर डाग तेवढा दिसतो. बसल्या बसल्या तिने विचारलं, “ठेवलंय का रे?” मी हो म्हणालो. मग ती हललीच नाही. रोझरीसुद्धा पिशवीतच राहिली. जिला दिसतच नाही, तिला मी बघण्या-दर्शनातला फरक काय सांगणार?

घरीही ती जेवल्यावर ताटावरून लवकर उठत नाही. खरकटा हात वाळतो, बोटांवरची शितं कडक होतात, तरी बोलत असते, नाहीतर नुसतीच बसते. आणि आम्ही? रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारतो आणि शेवटचं गीत संपायच्या आत खिशात गाडीची किल्ली चाचपतो.

पुतण्याचं बरोबर आहे. हे मुळात जेवणच आहे. काचेआडची ओस्तीही मिस्सातूनच आलेली, आणि शेवटी कुणीतरी ती खाणारच. पण जेवू घालणारा अजून समोर बसलेला असताना आपण पंगतीतून उठायचं कसं?

आशीर्वादाची घंटा वाजली. आईने कपाळाला बोटं लावून क्रूसाची खूण केली.

“झालं?” तिने विचारलं. “थोडं बसूया.”