राखण कोणी करायची?



ग्रामपंचायतीच्या सदस्यांना पाणी, जंगल, गायरान सांभाळण्याचे प्रशिक्षण दिले जाते. चांगली गोष्ट आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची यादी दिली. त्यात लहान पाटबंधारे आहेत, गौण वनोपजही आहे. पण आम्हाला प्रश्न पडतो : राखण करणे वर्गात बसून शिकता येते का? की ज्याच्या हाती काही सोपवले आहे, तोच ते शिकतो?

आपल्या खानदेशात याचे जुने उत्तर आहे. पांझरेच्या काठी शेतकऱ्यांनी कित्येक पिढ्या फड पद्धत चालवली. नदीवर बंधारा, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले आणि एका फडात एका हंगामात एकच पीक. बंधाऱ्यात पाणी किती आहे हे पाहून कोणता फड भिजवायचा ते पंच ठरवत. मग पाटकरी पाणी देई. शेतकऱ्याने आपल्या हाताने बारे फोडायचे नाही. बहुतेकांची जमीन एकाहून अधिक फडांत असे, त्यामुळे एक फड कोरडा राहिला तरी सगळी झळ एकट्याला बसत नसे. हे शिकवायला कोणी अधिकारी आला नव्हता.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने १९९० च्या दशकात उजाड झालेले जंगल स्वतः राखायला घेतले, तोडणाऱ्याला दंड ठरवला. तिथले चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. लहान समूहाला जे जमते ते मोठ्याने काढून घेणे हा अन्याय आहे, असे पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालीच लिहून ठेवले आहे.

मात्र सोपवले म्हणजे न्याय झाला, असेही नाही. फडात वाटा होता तो जमीनवाल्याचा. ज्याला जमीनच नाही, त्याला पाण्यावर बोलायला जागा कुठली? कुठल्याही गावात कुऱ्हाडबंदी झाली की पहिला फटका मोळी विकणाऱ्या बाईला बसतो. जंगल वाचते हे खरे. पण तिची चूल? प्रशिक्षणात नकाशे, नोंदवह्या, निधीचा हिशेब सगळे असते. हा प्रश्न तिथे क्वचितच निघतो, आणि आम्हाला तोच मुख्य वाटतो.

हातावर पोट असलेला माणूस मजुरी बुडवून ग्रामसभेला येणार नाही. सभा संध्याकाळी ठेवता येते. आपल्यापैकी जे पुढच्या ग्रामसभेला बसतील, त्यांनी गायरानाचा ठराव निघाला की उठून एवढेच विचारावे : ज्यांच्या शेळ्या तिथे चरतात, ते इथे आले आहेत का?