बहुविश्वाला अंगण असते का?

नाटकाचा पडदा वर जातो तेव्हा पात्रांच्या आधी नेपथ्य दिसते. वाड्याची ओसरी दिसली की पुढे कोणत्या जातीचे सुखदुःख वाट्याला येणार, याचा अंदाज प्रेक्षक बांधतो. नेपथ्य नुसती जागा दाखवीत नाही; तिथे काय घडू शकते आणि काय घडू शकत नाही, हेही सांगते. मग ज्या खेळात अनेक विश्वे एकमेकांना जोडलेली असतात, त्या साऱ्या पसाऱ्याला नेपथ्य म्हणावे काय? प्रश्न पोरखेळाचा वाटेल. पण त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडला आहे.

खेळ अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली प्रसिद्ध झाला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशी पात्रे धारण करतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते बोलतो, आणि यशापयशाचा निवाडा फासे करतात. या खेळासाठी पुढे एकेक जग रचले गेले. १९८४ साली ‘ड्रॅगनलान्स’ आले, १९८७ साली एड ग्रीनवुड यांचे ‘फरगॉटन रेल्म्स’, १९९१ साली ‘डार्क सन’. दरम्यान १९८९ च्या ‘स्पेलजॅमर’ने या जगांमधून हिंडणारी जहाजे सोडली. २०१४ च्या नियमपुस्तकाने तर ही सगळी जगे एकाच बहुविश्वात असल्याचे मानले.

गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९ च्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक दाखला दिला आहे. एक पाहुणा विद्यापीठ पाहायला येतो. महाविद्यालये, ग्रंथालय, मैदाने सगळे पाहून झाल्यावर विचारतो, “हे सारे ठीक, पण विद्यापीठ कुठे आहे?” विद्यापीठ ही आणखी एक इमारत नव्हे, ती त्या इमारतींची व्यवस्था आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. बहुविश्वाचेही तसेच आहे. ते आणखी एक जग नव्हे, जगांची मांडणी आहे. मांडणीत कोणी राहत नाही. गावातल्या सगळ्या घरांची बेरीज केली म्हणून तिला अंगण फुटत नाही.

यावर कोणी म्हणेल, मांडणीलाही नियम असतात. या खेळात मेलेल्याचा आत्मा त्याच्या वृत्तीप्रमाणे ठराविक लोकात जातो. मग मांडणी पात्राच्या आयुष्यात शिरलीच की! आक्षेप रास्त आहे, आणि त्यातूनच मला कसोटी सापडते. ज्या गोष्टीमुळे पात्राचा निर्णय बदलतो, ती त्याची कथाभूमी; बाकीचा नुसता नकाशा.

आता नैतिक बाजू पाहा. ‘ड्रॅगनलान्स’च्या क्रिन या जगात महाप्रलयानंतर देव पाठ फिरवून गेले आहेत आणि त्यांच्या पुजाऱ्यांची रोग बरे करण्याची शक्तीही गेली आहे. त्या जगाचे सारे दुःख या एका अभावावर उभे आहे. शेजारच्या जगातून एखादा पुजारी जहाजात घालून आणता आला, तर ते दुःख पोकळ होईल. ‘डार्क सन’च्या अथासवर लोखंड दुर्मीळ, आणि मंत्रविद्येने झाडेझुडपे करपून गेलेली. तिथे लोखंडाच्या एका सुरीलाही मोल आहे, कारण बाहेरून गाडीभर लोखंड येत नाही. ते जग इतरांपासून बहुतांशी तोडलेलेच ठेवले गेले. दार लावले म्हणून घर राहिले.

उलट उदाहरणही आहे. १९९४ च्या ‘प्लेनस्केप’मध्ये सिगिल नावाचे कड्याच्या आकाराचे शहर आहे. तिथली कोणतीही चौकट दुसऱ्या लोकाचे दार असू शकते. मात्र किल्ली हवी, मग ती एखादी वस्तू असो वा एखादा शब्द. तिथे सत्य काय यावरून पंधरा पंथ भांडतात आणि देवांना मज्जाव आहे. येथे ये-जा हाच लोकांचा संसार आहे. त्यांचे धंदे, वैरे आणि कायदे तिच्यावरच उभे आहेत. म्हणून सिगिल ही खरी कथाभूमी. बहुविश्वाला अंगण मिळते ते असे, कोणीतरी उंबरठ्यावरच बिऱ्हाड थाटले म्हणजे.

‘मल्टिव्हर्स’ हा शब्द विल्यम जेम्स यांनी १८९५ साली वापरला तो नीतीच्याच संदर्भात. निसर्ग चांगल्यावाइटाबाबत उदासीन आहे, त्यात एकसंध नैतिक सूत्र दिसत नाही, असे त्यांना म्हणायचे होते. आज या शब्दाला ‘इथे नाही तर तिथे’ अशी पळवाटेची छटा आली आहे. जो कधीही उठून दुसऱ्या जगात जाऊ शकतो, तो इथल्या विहिरीत गाळ साचला तर उपसायला उतरेल का?

आपणा सीमाभागातल्या माणसांना हा भेद शिकवावा लागू नये. घरात एक भाषा, बाजारात आणि कचेरीत दुसरी. दोन भाषा येतात म्हणून कोणी दोन्हीकडे पाहुणा होतो. कोणी दोन्हीकडे घरचा होतो, दोन्हींतली देणी फेडतो, दोन्हीकडच्या मयताला जातो. नकाशा दोघांचाही एकच असतो. पण भूमी लाभते ती दुसऱ्यालाच.