सागरतीरीची शांती

सागराविषयी मनुष्यास वाटणारी ओढ फार पुरातन आहे. भारतवर्षाच्या चार धामांपैकी पुरी, रामेश्वर व द्वारका ही तीन धामे सागरतीरीच वसलेली आहेत, आणि देवदर्शन आटोपलेला यात्रेकरू घटकाभर तरी लाटांसमोर उभा राहिल्यावाचून परतत नाही. सूर्य अस्तास जात असता किनाऱ्यावर बसलेल्या माणसाचे बोलणे हळूहळू थांबते, दिवसभराची टोचणी बोथट होते, आणि आपण कोण, आपले देणे-घेणे किती, याचा त्यास काही काळ विसर पडतो. ही जी शांती त्यास लाभते, ती खरी की उसनी? आणि उसनी असेल, तर तिची ओढ हा दोष मानावा काय? प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु ज्याच्या घरी रुग्ण माता अंथरुणास खिळलेली आहे, डोक्यावर ऋण आहे, आणि जो रोज सायंकाळी त्या सर्वांतून निसटून किनारा गाठतो, त्याच्या दृष्टीने तो मुळीच लहान नाही.

या शांतीचा पक्ष घेणारा म्हणेल की, तीत दोष काढण्यासारखे काहीच नाही. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी जलाशयांमध्ये सागर ही आपली विभूती म्हणून सांगितली आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत एकांतस्थळाची आवड आणि जनसमुदायात न रमणे यांची गणना आहे. मग विभूतीच्या सान्निध्यात एकांती बसणे हे साधनच नव्हे काय?

हे म्हणणे अर्धे खरे आहे. परंतु शांती जर सागरातच असती, तर ती सर्वांना सारखीच लाभली असती. तसे घडत नाही. पहाटेपासून रापण ओढून ज्याचे हात सोलवटले आहेत, त्या खारव्यास तोच किनारा कामाची जागा आहे. आकाश अकस्मात अंधारून आले आणि गावचे मचवे अजून परतले नाहीत, अशा सायंकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या स्त्रीस तोच सागर काळजाचा थरकाप उडवणारा वाटतो. नारळी पौर्णिमेस कोळी सागरास नारळ अर्पण करतो, तो त्याच्या शांततेने मोहित होऊन नव्हे, तर त्याने शांत व्हावे म्हणून. यावरून असे ठरते की, सायंकाळी बसलेल्या माणसास जी शांती मिळते तिचे कारण पाण्यात नसून त्याच्या स्वतःच्या तात्कालिक अवस्थेत आहे. त्या घटकेला सागर त्याच्याकडे काही मागत नाही आणि तोही सागराकडे काही मागत नाही. वासना जिंकली गेली नाही, ती केवळ निजली आहे. निजलेल्याला जाग येते, हा रोजचा अनुभव आहे.

या संबंधात रवींद्रनाथ ठाकुरांच्या चरित्रातील एक प्रसंग विचार करण्यासारखा आहे. १८८३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील कारवार येथे येऊन राहिले होते. त्यांचे ज्येष्ठ बंधू सत्येंद्रनाथ तेथे न्यायाधीश होते. कारवारचा अर्धचंद्राकृती किनारा, सागरास मिळणारी काळी नदी आणि चांदण्यातील नौकाविहार यांचे वर्णन रवींद्रनाथांनी पुढे आपल्या आठवणींत मोठ्या ममत्वाने केले आहे. अशा रम्य स्थळी तरुण कवीने संसार सोडून निसर्गात लीन होण्याचे गुणगान केले असते, तर कोणासही आश्चर्य वाटले नसते. पण तेथे त्यांच्या हातून जे नाटक लिहिले गेले, ते ‘प्रकृतीर प्रतिशोध’, नेमके याच्या उलट सांगते. त्यातील संन्यासी सर्व स्नेहबंध तोडून आपण प्रकृतीला जिंकले असे मानतो. एक निराश्रित मुलगी त्याच्या आसऱ्यास येते. तिच्याविषयी माया उत्पन्न होत आहे हे जाणवताच तो भयभीत होऊन तिला टाकून जातो. पुढे त्याचे डोळे उघडतात, तो परततो, तेव्हा ती जिवंत नसते. सान्तास लाथाडून अनंत हाती येत नाही, हा त्या कथेचा मथितार्थ आहे. अथांग सागराच्या सान्निध्यात हा बोध व्हावा, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता गीतेकडे वळावे. दुसऱ्या अध्यायाच्या सत्तराव्या श्लोकात स्थितप्रज्ञास सागराची उपमा दिली आहे. ती पुष्कळदा केवळ निश्चलतेची उपमा म्हणून समजली जाते; परंतु तेथील पदे बारकाईने पाहिली असता निराळा अर्थ दिसतो. पहिले पद ‘आपूर्यमाण’ हे आहे. त्यातील प्रत्यय वर्तमानकाळ दाखवतो. जो सर्व बाजूंनी सतत भरला जात आहे, असा त्याचा अर्थ. ‘अचलप्रतिष्ठ’ हे पद त्यानंतर येते. म्हणजे सागर नद्यांपासून दूर पळून अचल राहिलेला नाही. नद्या येतच आहेत, त्यांना तो नाकारीत नाही, आणि तरीही त्याची स्थिती ढळत नाही. किनाऱ्यावर बसणाऱ्याची शांती नद्या अडवून मिळवलेली असते. स्थितप्रज्ञाची शांती नद्या स्वीकारूनही टिकते. दोहोंतील अंतर येथेच आहे.

प्रत्यक्ष सागराची रचनाही या अर्थास पोषक आहे. वाऱ्याने उठणाऱ्या लाटेत पाणी पुढे धावत असल्याचा भास होतो. वस्तुतः ते बहुतांशी जागच्या जागीच वर्तुळाकार फिरते. लाटेच्या लांबीच्या सुमारे निम्म्या खोलीपर्यंत गेल्यावर ही हालचाल जवळजवळ नाहीशी होते. सागराची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे, हे लक्षात घेता लाटांचा क्षोभ हा केवळ पृष्ठभागाचा व्यवहार ठरतो. पृष्ठभाग शांत असणे हे सागराचे लक्षण नव्हे. क्षोभ तळापर्यंत न पोहोचणे हे लक्षण होय.

दुसरी गोष्ट अशी की, नद्या अखंड मिळत असताही सागर उफाळत नाही, कारण तो साठवून ठेवत नाही. सूर्याच्या तापाने त्याचे पाणी वाफ होऊन वर जाते. त्यातील मोठा भाग पुन्हा सागरावरच पडतो, आणि उरलेला भूमीवर पर्जन्यरूपाने येऊन नद्यांच्या द्वारे परततो. तिसऱ्या अध्यायात सांगितलेल्या यज्ञचक्राचे हे दृश्य रूपच म्हणावे. जो घेतो आणि देतो, त्याच्या ठिकाणी घेतलेले विकार उत्पन्न करीत नाही.

येथे आजच्या काळातील एक शंका उपस्थित होते. १९०१ ते २०१८ या कालावधीत जगातील सागरांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे. मग ‘अचलप्रतिष्ठ’ हे विशेषण खोटे ठरले काय? नाही. ही वाढ नित्याच्या नद्यांमुळे झालेली नाही. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि भूमीवरील बर्फ वितळून सागरास मिळते, ही तिची मुख्य कारणे. आणि त्या तापाच्या मुळाशी मनुष्याने जाळलेला कोळसा व तेल आहे. त्याच श्लोकाच्या अखेरीस सांगितले आहे की, कामनांच्या मागे धावणाऱ्यास शांती लाभत नाही. आता त्याच्या धावण्याची झळ किनाऱ्यावर झोपडी बांधून राहणाऱ्या खारव्यासही पोहोचू लागली आहे, ज्याने तो ताप फारच थोडा वाढवला. म्हणून आपली शांती हा केवळ आपल्यापुरता प्रश्न आहे, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

तर मग किनाऱ्यावर जाणे सोडावे काय? तसे मुळीच नाही. संस्कृतात ‘वेला’ या एकाच शब्दाचे ‘समय’ आणि ‘समुद्रतीर’ असे दोन्ही अर्थ आहेत. दोहोंच्या मुळाशी सीमेची कल्पना आहे. सागरतीरीची सायंकाळ ही अशी सीमा आहे. तिच्यापाशी थांबावे, पण तेथे घर बांधू नये. थकलेल्या मनास विश्रांती हवीच. गीतेनेही सहाव्या अध्यायात आहार, विहार व निद्रा यांचे योग्य प्रमाण योगास आवश्यक मानले आहे. दोष विश्रांतीत नसून विश्रांतीलाच सिद्धी समजण्यात आहे.

या शांतीची परीक्षा किनाऱ्यावर होत नाही, घराच्या उंबरठ्यावर होते. परतल्यावर रुग्ण मातेने तिसऱ्यांदा पाणी मागितले असता हात चटकन पुढे होतो की कपाळास आठी पडते, धनकोस उत्तर देताना शब्द सरळ राहतो की फिरवाफिरव सुरू होते, हे साधकाने स्वतःच पाहावे. आठी पडत असेल, तर ती सायंकाळ नुसती करमणूक झाली असे समजावे. त्यात पाप नाही, पण पुण्यही मानू नये. आणि पाण्याचा पेला देताना मन किंचित जरी अधिक स्थिर राहिले, तर सागराने आपले काम केले. तेवढ्यापुरता तो मनुष्य सागराचा प्रेक्षक राहिला नाही. त्याच्या ठिकाणी एक नदी येऊन मिळाली, आणि तो ढळला नाही.